सिपान (वाका राहादा)

पेरूच्या उत्तर किनारपट्टीवरील मोचे संस्कृतीचे राजदफनस्थळ. लांबायेके प्रदेशात, चिक्लायो शहरापासून सु. ३० किमी. अंतरावर आहे. कच्च्या विटांचे दोन मोठे पिरॅमिड आणि त्यांच्याजवळ एक ठेंगणा चौथरा, एवढेच अवशेष येथे दिसतात. पावसाने पिरॅमिडांना इतक्या घळी पाडल्या आहेत, की ते मानवनिर्मित असल्याचे सांगावे लागते. ‘वाका’ म्हणजे पवित्र स्थान आणि ‘राहादा’ म्हणजे दुभंगलेले. कबरी फोडणाऱ्यांना पेरूत ‘वाकेरो’ म्हणतात. तो शब्दही ‘वाका’वरूनच आला.

फेब्रुवारी १९८७ मध्ये अशाच एका टोळीने चौथऱ्यातील एक संपन्न कबर लुटली. पोलिसांनी जप्त केलेला ऐवज पाहताच लांबायेकेच्या ब्र्यूनिंग संग्रहालयाचे संचालक वॉल्तेर आल्वा यांना चौथऱ्याचे मोल कळले. सुसाना मेनेसेस आणि लुईस चेरो या सहकाऱ्यांसह त्यांनी तेथेच तळ ठोकला. पोलीस कारवाईत एक लुटारू मारला गेल्याने गाव खवळलेले होते. सुरुवातीचे उत्खनन पहाऱ्यातच चालले.

प्रथम हजाराहून अधिक मातीची भांडी सापडली, मग पावले कापलेला एक रखवालदार. त्याच्याखाली, तांब्याच्या पट्ट्यांनी जखडलेल्या लाकडी शवपेटीत, ‘सिपानचा अधिपती’ म्हणून पुढे ख्यात झालेला पुरुष होता. त्याचा काळ इ. स. तिसऱ्या शतकाच्या आसपासचा मानतात. भोवती स्त्रिया, पुरुष, एक मूल, कुत्रा आणि लामा पुरलेले होते. अधिपतीच्या अंगावर सोने व पिरोजाची कर्णभूषणे, शिरोभूषण, राजदंड होता. यांतील सर्वांत बोलका दागिना मात्र भुईमुगाच्या शेंगांच्या आकाराच्या २० मण्यांचा हार होय. उजवीकडच्या १० शेंगा सोन्याच्या, डावीकडच्या १० चांदीच्या. (भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचाच; आपल्या उपवासाच्या ताटात तो फार उशिरा आला.) सोने उजवे, चांदी डावी, ही मांडणी जागच्या जागी सापडली म्हणूनच कळली. फोडलेल्या कबरीतील अशा जोड्या आता कोणालाच लावता येणार नाहीत.

मोचेंना लिपी नव्हती. पण त्यांच्या भांड्यांवर बंदिवानांचा बळी देऊन त्यांच्या रक्ताचा पेला एका योद्धा-पुरोहिताला अर्पण करण्याचे दृश्य वारंवार येते. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ क्रिस्तोफर डॉनन यांनी दाखवून दिले, की अधिपतीचा साज थेट या चित्रातल्या पुरोहिताचा आहे. कल्पित समजली जाणारी पात्रे अशा रीतीने हाडामांसाची ठरली. शेजारच्या कबरीत पेला आणि घुबडाचे शिरोभूषण असलेला पुरोहित मिळाला. १९९१ मध्ये सान होसे दे मोरो येथे त्याच दृश्यातील पुरोहितिणीची कबर उघडली. सिपानमधील तिसरी महत्त्वाची कबर ‘वृद्ध अधिपती’ची असून ती अधिक जुनी आहे. तिच्यातील कोळ्याच्या आकाराच्या १० सुवर्णमण्यांपैकी प्रत्येक कोळ्याच्या पाठीवर माणसाचा चेहरा आहे. कारागिरीत त्यांची बरोबरी करणारे येथे दुसरे काही नाही.

लुटीतला काही माल परदेशी पोहोचला. कमरेमागे लटकवायचा एक मोठा सुवर्णपट्ट १९९७ मध्ये फिलाडेल्फियात एफबीआयच्या सापळ्यात हाती लागला आणि पेरूला परत मिळाला. अधिपतीच्या कबरीतील अनेक वस्तूंची दुरुस्ती जर्मनीत माइन्त्स येथे झाली. २००२ पासून त्या, अधिपतीच्या अस्थींसह, लांबायेकेतील पिरॅमिडच्या घाटाच्या राजकबर संग्रहालयात आहेत. सिपानच्या चौथऱ्यातील खड्ड्यांत आता प्रतिकृती मांडलेल्या आहेत.