सभा, फलक आणि शिळा

कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर आणि दाराशी दात्यांची नावे ब्राह्मीत कोरलेली आहेत. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटचे यवन, तिथलाच एक गंधी, एक सुतार. बोरघाटाच्या माथ्यावर इतक्या दूरची माणसे दान देतात, यावरून कोकणची बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांमधील व्यापार किती फैलावला होता ते कळते.

व्यवहार गावापुरता असतो तोवर शब्द पुरतो. अनोळखी माणसांशी आणि पिढ्यान्‌पिढ्यांसाठी तो करायचा, तर नोंद लागते. वाढत्या धंद्याला साजेशी नोंद कशी ठेवावी, हा त्या काळचा माहिती-तंत्रज्ञानाचा प्रश्न होता. त्याचे तपशीलवार उत्तर कार्ल्याच्याच एका दात्याने, नहपानाचा जावई उषवदात याने, नाशिकच्या लेण्यात कोरून ठेवले आहे.

‘वर्ष ४२’ असा काळ देणाऱ्या त्या लेखानुसार ३,००० कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेवली. २,००० वर दरमहा शेकडा १ व्याज, १,००० वर शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचे नाही. पहिल्या ठेवीतून वर्षावासातील २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे द्यायची. हिशेब करून पाहावा : वर्षाचे व्याज २४०, आणि २० भिक्षूंचा खर्चही तेवढाच.

हे सारे निगमसभेत ऐकवले आणि रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदवले, असे लेख सांगतो. म्हणजे एकाच व्यवहाराच्या तीन नोंदी झाल्या. माझ्या मते तिघींचे काम वेगळे होते : सभा साक्षीसाठी, फलक कारभारासाठी, शिळा पुढच्या पिढ्यांसाठी. श्रेणीचा रोजचा हिशेब कोणी डोंगरात कोरत बसले नाही.

शिळेवरची नोंदही मात्र आपोआप चालत नाही. उषवदाताने कार्ल्याच्या, तेव्हाच्या वलूरकच्या, भिक्षूंना करजिक गाव दिले होते. शकांची सत्ता गेल्यावर ते गाव त्याच संघाला देण्याचा नवा आदेश सातवाहनांना काढावा लागला. तो मामाळच्या अमात्याला उद्देशून आहे, आणि मामाळ म्हणजेच आपले मावळ.

आज याच मावळात, तळेगावच्या आसपास, दहा माणसांचे कारखाने शंभरांचे होत आहेत. अशा वेळी अनेकदा आधी महागडी संगणकप्रणाली येते, आणि मग धंदा तिच्यात कोंबला जातो. खरे तर आधी ठरवायला हवे की कोणती नोंद, कोणाला, किती काळ लागणार आहे, आणि वाद झाला तर ती कोण मानणार आहे. गोवर्धनच्या व्यवहारात या प्रश्नांची उत्तरे आधी दिलेली दिसतात.

ते फलक आपल्यापर्यंत पोहोचले नाहीत. शिळा अजून वाचता येते. पण व्याज देणाऱ्या श्रेणी कधीच नाहीशा झाल्या. नोंद कितीही पक्की असली, तरी ती पाळणारी माणसे लागतातच.