सरफोजीकृत निरूपणे : संहिता आणि प्रयोग

सोलापूरच्या रामजोशींची लावणी वैराग-बार्शीच्या टापूत ज्या रीतीने टिकली, तिच्यात अदा एका कलावतीकडून दुसरीकडे येत राहिली आणि शब्द मात्र मुखागणिक थोडेबहुत बदलत गेले. रामजोशींचे समकालीन तंजावरचे सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८–१८३२). त्यांच्या नृत्यरचनांच्या बाबतीत नेमके उलट घडले : शब्द राहिले, नृत्य गेले.

या रचनांच्या संग्रहाचे नाव ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’. ‘कोर्वै’ हा तमिळ शब्द, ओवणे या अर्थाचा. ‘साहित्य’ संस्कृत खरे. परंतु येथे तो वाङ्मय या अर्थाने नसून, स्वरांवर बसविलेले शब्द या कर्नाटक संगीतातील अर्थाने आला आहे. ‘जिन्नस’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत रुळलेला. तीन भाषांतील शब्दांना मराठी प्रत्ययांनी बांधणारे हे शीर्षक त्या दरबाराचा भाषिक व्यवहार एका ओळीत सांगते.

जयजय, शेर्व, अलारु, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना अशा अनेक जिनसांची मालिका म्हणजे एक निरूपण. सर्व जिन्नस एकाच रागात व एकाच तालात, आणि विषयही अखेरपर्यंत एकच. भरतनाट्याचा रूढ क्रम चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु या बंधूंच्या नावाशी निगडित आहे. त्यात राग जिनसागणिक बदलतो. हे बंधूही तंजावर दरबाराशीच संबंधित होते, ही गोष्ट विसरता कामा नये.

१८५५ मध्ये राजवंश संपला आणि मराठी संहितेला आश्रयदाता उरला नाही. मंदिरांना दासी वाहण्याची प्रथा मद्रास प्रांतात १९४७ च्या कायद्याने बंद झाली. ज्या स्त्रिया सदिर एकट्याने सादर करीत, त्यांच्या परंपरेत ही निरूपणे चालू राहिली नव्हती. संहिता सरस्वती महाल ग्रंथालयात सुरक्षित होती. तीत शब्द, राग व ताल मिळतात, अंगहालचाल मिळत नाही.

मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी या संहितेवर नृत्यरचना केली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती रंगमंचावर आणली. ‘तंजावूर नृत्यप्रबंध’ हा पार्वतीकुमारांचा ग्रंथ १९८२ चा. या कार्यास ‘पुनरुद्धार’ म्हणण्याचा प्रघात आहे; तो शब्द सैल आहे. संहितेचा उद्धार झाला, नृत्य मात्र विसाव्या शतकातील गुरूने नव्याने रचले. यात कमीपणा काही नाही. परंतु सरफोजींचे किती आणि पार्वतीकुमारांचे किती, हे विद्यार्थ्याने वेगळे ठेवलेच पाहिजे.

नव्या नर्तकीमुळे आणखी एक फरक पडला, आणि तो अधिक महत्त्वाचा. तंजावरच्या नर्तकींचा वारसा मुख्यतः तमिळ-तेलुगू पदांचा. सुचेताबाईंची मराठी मातृभाषा. अभिनयपदातील अर्थ त्यांना भाषांतराच्या वाटेने गाठावा लागला नाही. अडचण आली तर ती उच्चाराची. बोलीत आपण शब्दान्तीचा ‘अ’ गाळतो. तालात बसविलेल्या साहित्यात तो स्वर मात्रा धरून उभा असतो. ‘राम’ हा शब्द पुण्यात एका अक्षराचा आणि निरूपणात दोन अक्षरांचा. पाऊल कोठे पडावे, हे त्या दुसऱ्या अक्षरावर ठरते.