हनुमंतरावांचं लंडन आणि आजीचा कुकर

मागच्या शनिवारी मी घरच्यांना लंडनचा प्लॅन दाखवला. आठ दिवस, सहा माणसं: आजी, आई-बाबा, मी, बायको आणि तीन वर्षांची लेक. एक्सेल शीट, रंगीत रकाने, सकाळी साडेआठ ते रात्री आठ. ऑफिसमध्ये प्रोजेक्ट प्लॅन करतो ना, अगदी तस्सा! आजीनं (वय वर्षे ७८) चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, "छान आहे रे. तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते."

"अगं, पण का?"

"यात मी जेवायचं काय आणि टेकायचं कुठे, ते नाही लिहिलंस."

सॉलिड चिडलो. पण रात्री डोक्यात किडा वळवळला, की आपल्याकडचे जे लोक सगळ्यात आधी लंडनला गेले, त्यांनी जेवणाचं काय केलं असेल? आणि हनुमंतराव आठवले.

तर मंडळी, गोष्ट अशी. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रघुनाथराव पेशवे झाले, पण बारभाईंनी त्यांना टिकू दिलं नाही. १७७५ मध्ये त्यांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. पुढे रघुनाथरावांनी थेट विलायतेलाच वकील पाठवले. हनुमंतराव नावाचे ब्राह्मण, मणियार नावाचे पारशी आणि मणियारांचा मुलगा. १७८१ मध्ये ही मंडळी लंडनमध्ये होती. म्हणजे बाप-लेक आणि सोबत एक सोवळ्यातले गृहस्थ. आमच्या ग्रुपची छोटी आवृत्तीच म्हणा ना!

हनुमंतरावांची अडचण आजीसारखीच, फक्त शंभर पट मोठी. स्वयंपाक स्वतःच्या हातानं करायचा, दुसऱ्याचा स्पर्श चालायचा नाही, स्नान-संध्या चुकवायची नाही. हे सगळं जमावं कसं, हे लंडनमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. सुरुवातीला त्यांचे बरेच हाल झाले.

तेव्हा मदतीला आला एडमंड बर्क. हो, तोच संसदेतला मोठा वक्ता, ज्यानं पुढे वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालवला. त्यानं तिघांना लंडनजवळच्या बीकन्सफील्डला आपल्या घरी नेलं आणि बागेतलं ग्रीनहाऊस हनुमंतरावांना देऊन टाकलं. तिथे ते आपली पूजा करत, आपलं अन्न शिजवत. नंतर बर्कनं रघुनाथरावांना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की तुमच्या वकिलाला जो त्रास झाला तो आमच्या अज्ञानामुळे झाला, आमच्या मनात वाईट नव्हतं.

हे वाचलं आणि मी जरा गप्प झालो. माझ्या एक्सेल शीटमध्ये तरी दुसरं काय होतं? आजीबद्दल माया भरपूर. माहिती शून्य. इतकी वर्षं एका घरात राहून ती दुपारी किती वाजता आडवी होते, हे मला बायकोला विचारावं लागलं.

वकिलीतून रघुनाथरावांच्या हाती काही लागलं नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी त्यांची बाजू सोडली आणि १७८३ मध्ये कोपरगावला ते वारले. वकील परत आले, तर समुद्र ओलांडला म्हणून बाटलेले! सोन्याच्या योनीतून बाहेर काढून, म्हणजे जणू पुन्हा जन्म देऊन, त्यांना शुद्ध करून घेतलं, असं कंपनीच्या नोकरीतल्या विल्फर्डनं लिहून ठेवलंय.

हसू येतं खरं. पण त्यानंतर शंभरेक वर्षांनीही, १८९० मध्ये, आपल्या पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसकट अनेकांवर ग्रामण्य झालं होतं. तेच टिळक १९१८ मध्ये चिरोलवरच्या खटल्यासाठी लंडनला गेले आणि वर्षभर राहिले. मेडा व्हेलमधल्या त्यांच्या घरावर आज पाटी आहे. १९३२ मध्ये तर लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळच निघालं. सोवळं गेलं, समुद्राची भीती गेली. आपल्या हातच्या आमटी-भाताची ओढ मात्र राहिली. आणि ती काही मागासलेपणाची खूण नाही, असं मला आता वाटतं. आपला घास आपल्याला मिळेल ही खात्री असली, की माणूस परक्या गावाकडे मोकळ्या नजरेनं बघू शकतो.

असो. नवा प्लॅन असा: हॉटेल रद्द, स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं. दिवसाला एकच ठिकाण, तेही सकाळी. दुपारी आजी आणि लेक दोघी झोपणार (दोघींची वेळ एकच आहे, हा माझा नवा शोध!). एक दिवस टिळकांचं घर आणि जवळच्या कालव्याकाठी नुसतं बसणं. एक दिवस प्रिमरोझ हिलजवळचं बाबासाहेबांचं घर, जे महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं. आणि एक दिवस ट्रेननं बीकन्सफील्ड. बर्कचं घर १८१३ मध्येच जळालं, त्यामुळे बघायला तसं काहीच नाही. पण जायचंय.

काल आजीला हनुमंतरावांची सगळी गोष्ट सांगितली. तिनं शांतपणे ऐकली आणि विचारलं, "त्या बर्कनं ग्रीनहाऊस देण्याआधी बायकोला विचारलं होतं का रे?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण आजीनं छोटा कुकर बाजूला काढून ठेवलाय. म्हणजे येतेय :-)