भरलेल्या बॅटरीची सवय

तेलगाव हे धारूर तालुक्यातले चौफुलीचे गाव. बीडहून वडवणीमार्गे परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरच्या घाटाकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. या चौफुलीच्या आसपास विजेचा सगळा प्रपंच मांडलेला आहे. सिंदफणेवर १९८७ साली पूर्ण झालेले माजलगाव धरण आहे. त्याच्या पाण्याचाही आधार घेणारे परळीचे औष्णिक वीज केंद्र आहे, त्याचा पहिला संच १९७१चा. खुद्द तेलगावला सुंदरनगरात लोकनेते सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे, आणि उसाचे चिपाड जाळून वाफेवर वीज करणे हा तर साखर कारखान्यांचा जुना धर्म. इतके सगळे उशाशी असूनही या भागाने भारनियमन भोगले ते इतरांपेक्षा जास्तच. २०१३च्या दुष्काळात तर पाणी नाही म्हणून परळीचे केंद्रच बंद ठेवावे लागले. लाइट आली की आधी बॅटऱ्या भरून घ्यायच्या आणि भरलेल्याच ठेवायच्या, हा घरोघरचा नियम अशा काळात घडला. आता जुना टॅब भिंतीला लावून त्यावर दारावरचा कॅमेरा, टाकीतले पाणी, दिवे आणि मोटार बघण्याची सोय होऊ लागली आहे. तो टॅब बारा महिने चार्जरला जोडलेला ठेवायचा, हे आपण याच नियमाने ठरवतो. माझे म्हणणे असे की तो नियम शिशाच्या बॅटरीसाठी अगदी बरोबर होता आणि लिथियमच्या बॅटरीसाठी जवळजवळ उलटा आहे. आपण त्याला शहाणपण समजतो, पण तो एका विशिष्ट धातूचा आणि एका विशिष्ट टंचाईचा इतिहास आहे.

शिशाच्या बॅटरीचा जन्म १८५९चा, फ्रान्समध्ये गास्टाँ प्लांते याच्या हातून. तिचा स्वभाव साधा आहे: रिकामी राहिली की मरते. उतरलेल्या अवस्थेत प्लेटांवर शिशाच्या सल्फेटाचे स्फटिक जमतात. ते वेळेत विरघळवले नाहीत तर टणक होतात आणि मग कितीही चार्जिंग लावा, बॅटरी धरत नाही. म्हणून ती सतत भरलेली ठेवण्याची पद्धत सर्वांत काटेकोरपणे पाळली ती टेलिफोन खात्याने. १९८४ साली सी-डॉट ही दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला तिचे १२८ लाइनींचे पहिले ग्रामीण एक्स्चेंज सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालेल असे हे यंत्र, आणि त्याच जातीची एक्स्चेंजे पुढे देशभरच्या लहान गावांत बसली. एक्स्चेंज चालते ४८ व्होल्टवर. शिशाचे २४ सेल एका माळेत, चार्जर कायम जोडलेला, आणि दर सेलला साधारण सव्वादोन व्होल्ट एवढाच दाब. वीज गेली की क्षणाचाही खंड न पडता बॅटरी भार उचलते. कायम प्लगमध्ये ठेवलेले उपकरण ही कल्पना म्हणजे स्मार्ट घरांचा शोध नव्हे; गावाला ती टेलिफोनच्या खोलीतूनच ठाऊक झाली.

मात्र त्या खोलीत चार्जरइतकीच महत्त्वाची आणखी एक वस्तू असे, ती म्हणजे नोंदवही. माळेतला एक सेल नमुन्यादाखल ठरवलेला असे. हायड्रोमीटर बुडवून त्यातल्या आम्लाची घनता पाहायची, व्होल्टेज मोजायचे, तारीख घालून लिहायचे, पाणी उतरले असेल तर डिस्टिल्ड वॉटर टाकायचे. म्हणजे नियम दोन होते: बॅटरी भरलेली ठेवा, आणि तिच्याकडे बघत राहा. बॅटरी घरात आली तेव्हा पहिला नियम सोबत आला, दुसरा अर्धामुर्धाच.

ती घरात आली भारनियमनामुळे. जून २००५मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती, महापारेषण अशा कंपन्या झाल्या, आणि पुढची सात-आठ वर्षे राज्याला विजेचा तुटवडा छळत राहिला. लाइट किती तास जाणार हे फीडरवरच्या गळतीवर आणि वसुलीवर ठरू लागले. फीडरांना अ, ब, क असे गट पडले आणि ज्यांची गळती जास्त त्यांचा अंधार मोठा. मराठवाड्यातले कित्येक फीडर या उतरंडीच्या तळाशी होते. डिसेंबर २०१२मध्ये कमी गळतीचे फीडर भारनियमनातून सुटले, तेव्हाही तळाचे मागेच राहिले. याच वर्षांत दुकानात, दवाखान्यात, शिकवणीच्या खोलीत इन्व्हर्टर आणि त्याखालची ट्यूब्युलर बॅटरी दिसू लागली. शेतात दुसरी तऱ्हा. लाइट रात्री कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून स्टार्टरला ‘ऑटो’ बसवायचा, म्हणजे वीज येताच मोटार आपोआप सुरू. सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की डीपी जळते, म्हणून महावितरण ऑटो काढा असे सांगत राहिले आणि शेतकरी ते लावत राहिले. मग सिमकार्डवर चालणारे मोबाइल स्टार्टर आले. वीज गेल्याचा निरोप धाडता यावा म्हणून त्यातल्या कित्येकांच्या पोटात एक छोटी बॅटरी असते, तीही कायम जोडलेली. घराच्या ऑटोमेशनचा इतिहास कोणी लिहिलाच तर आपल्याकडे तो दिवाणखान्यापासून सुरू करू नये, विहिरीवरून सुरू करावा.

मोबाइल आले तेव्हा सल्ल्यांचा आणखी एक थर चढला. सुरुवातीच्या हँडसेटांत निकेलच्या बॅटऱ्या होत्या, म्हणून दुकानदार सांगत: नवा फोन आधी आठ तास चार्ज करा, पुढे पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१मध्येच बाजारात आणली होती. काही वर्षांत ती प्रत्येक फोनमध्ये शिरली, आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९चे नोबेलही मिळाले. सल्ले मात्र शिसे आणि निकेल यांचेच उरले.

लिथियमच्या सेलला सल्फेटाची भीती नाही. त्याचे दुखणे वेगळे. पूर्ण भरल्यावर तो साधारण ४.२ व्होल्टवर असतो. या ताणाखाली आतला द्रव हळूहळू विघटित होतो, इलेक्ट्रोडवरचे थर जाड होत जातात आणि वायू सुटतो. त्यात उष्णता मिळाली की हे सगळे वेगाने घडते. बॅटरीच्या चर्चेत नेहमी दिला जाणारा एक तक्ता सांगतो की २५ अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवलेल्या सेलची क्षमता ८० टक्क्यांपर्यंत येते, तर ४० टक्केच भरून ठेवलेल्याची ९६ टक्के राहते. ४० अंशांत हेच आकडे ६५ आणि ८५ होतात. बीड जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारच्या उन्हाने तापलेली भिंत रात्रीपर्यंत निवत नाही. अशा भिंतीवर स्क्रीन सतत चालू आणि चार्जर सतत लागलेला टॅब म्हणजे त्या तक्त्यातला सर्वांत वाईट रकाना.

यावर पहिला आक्षेप तयारच असतो: शंभर झाले की चार्जर आपोआप बंद होतो, मग नुकसान कसले? प्रवाह थांबतो हे खरे, पण ताण जात नाही. सेल त्याच उंच व्होल्टेजवर बसून राहतो, थोडा उतरला की पुन्हा वर चढवला जातो. दुसरा आक्षेप असा की चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांनीही बॅटरी झिजतेच, मग एका जागी ठेवलेली काय वाईट? झिजते, पण शंभरावरून शून्यापर्यंतची खोल फेरी आणि चाळीस ते सत्तरमधली उथळ फेरी यांची झीज सारखी नसते, उथळ फेऱ्या पुष्कळ स्वस्त पडतात. तिसरा आक्षेप खास इथला आणि म्हणून सर्वांत वजनदार: लाइट कधी जाईल सांगता येत नाही, अशा गावात बॅटरी मुद्दाम सत्तरवर ठेवणे ही चैन नाही का? इन्व्हर्टरच्या बाबतीत मी हा आक्षेप बिनशर्त मान्य करीन. टॅबचे तसे नाही. लाइट गेल्यावर त्याला जे दाखवायचे ते राउटर आणि कॅमेऱ्यावर अवलंबून असते. ते इन्व्हर्टरवर असतील तर टॅबचा चार्जरही तिथेच लावता येतो, आणि नसतील तर टॅबच्या शंभर टक्क्यांना बघायला काही उरत नाही.

स्वस्त टॅब आहे, गेला तर गेला, असेही कुणी म्हणेल. पण या बॅटऱ्या निमूट जात नाहीत, फुगतात. इन्व्हर्टरचे पाणी आटलेले डोळ्यांना दिसते, फुगणारा टॅब मात्र चौकटीत बसवला असेल तर काच उचलली जाईपर्यंत कळत नाही. आणि स्क्रीनवरचा टक्का सेल किती भरला एवढेच सांगतो, किती म्हातारा झाला ते नाही. एक्स्चेंजमधल्या नोंदवहीची उणीव इथे जाणवते.

उपाय अवघड नाहीत. बऱ्याच नव्या टॅबच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती नसेल तर चार्जर स्मार्ट प्लगला लावून टॅबवरच्या ॲपने चाळीसला सुरू आणि सत्तरला बंद करता येतो, आणि एवढेही नको असेल तर दिवसाचे दोन-तीन तास चालू ठेवणारा साधा टायमर चालतो. टायमरचे तास मात्र टॅबच्या खर्चाप्रमाणे बसवावे लागतात, नाहीतर टॅब रात्रीत शून्यावर जातो आणि तेही लिथियमला मानवत नाही. उन्हाची भिंत टाळावी, रात्री स्क्रीन मंद करावी, आणि मधूनमधून पाठ हाताने चाचपून पाहावी. फुगवटा लागला तर चार्जर काढून टॅब तसाच दुरुस्तीच्या दुकानात न्यावा, दाबून सपाट करण्याच्या भानगडीत पडू नये.

दरम्यान इन्व्हर्टरखालीही आता लिथियम येत आहे, पण ते लोह-फॉस्फेटचे. त्याचा सेल सुमारे ३.६५ व्होल्टवरच भरतो, उष्णता अधिक सोसतो, आणि सेल एका पातळीवर यावेत, उरलेल्या चार्जचा अंदाज चुकू नये म्हणून त्याला अधूनमधून पूर्ण भरावेच लागते. म्हणजे एकाच घरात, एकाच नावाच्या दोन बॅटऱ्यांना दोन वेगळे नियम लागणार. दुकानातून पेटी उचलताना तिच्यावरचे रसायन वाचून घेतलेले बरे.