न्यू लॅनार्क : एका गिरणीचे गाव

आपल्याकडे सहकार हा विषय ज्यांनी कधी अभ्यासला असेल त्यांना रॉबर्ट ओवेन हे नाव परके नाही. पाठ्यपुस्तकात तो 'सहकारी चळवळीचा जनक' म्हणून अर्ध्या पानात उरकला जातो. मग रॉचडेलचे विणकर, १८४४ साल, आणि पाने उलटता उलटता आपण थेट साखर कारखान्यांपाशी येऊन पोहोचतो. डाव्या वाचनातून आलेल्यांना हाच ओवेन 'स्वप्नाळू समाजवादी' म्हणून ठाऊक असतो. दोन्ही ठिकाणी माणूस भेटतो, पण ज्या गावावर त्याने आपले प्रयोग केले ते गाव भेटत नाही. स्कॉटलंडमधले न्यू लॅनार्क हे ते गाव. आम्हांला येथे ओवेनपेक्षा त्या गावाविषयी लिहायचे आहे, आणि तसे लिहू जाता एक विचित्र अडचण कशी पुढे येते तेही सांगायचे आहे.

ग्लासगोच्या आग्नेयेस सुमारे चाळीस किलोमीटरवर लॅनार्क हे जुने बाजाराचे शहर आहे. तेथून जेमतेम दोन किलोमीटर उतरले की क्लाइड नदीच्या अरुंद दरीत न्यू लॅनार्क लागते. पाऊणएक वाट उतरेपर्यंत ते दिसतच नाही. मग एकदम करड्या वालुकाश्माच्या चार-पाच मजली इमारती समोर उभ्या राहतात. गावाच्या वरच्या अंगाला नदी एकामागून एक धबधब्यांतून कोसळते. त्यांतला सर्वांत मोठा कोरा लिन. टर्नरने त्याचे चित्र काढले. वर्ड्स्वर्थ, त्याची बहीण डोरोथी आणि कोलरिज १८०३ साली तो पाहण्यास आले. सृष्टिसौंदर्याच्या भक्तांना जे पाणी दिसले तेच वीस वर्षे आधी एका व्यापाऱ्याला दिसले होते, आणि त्याने त्याच्या जोराचा हिशेब केला होता.

गाव म्हटले की आपल्या मनात पांढरी आणि काळी, शीव, वेस, ग्रामदैवत, बलुतेदार अशी एक रचना उभी राहते. माणसे आधी येतात, त्यांच्या गरजांतून बाकी सारे हळूहळू उगवते. न्यू लॅनार्कचा क्रम उलटा आहे. तेथे आधी गिरणी आली आणि मग गिरणीला हवी तेवढी माणसे आणून वसवण्यात आली. या गावाला प्राचीन काळ नाही, त्याची जन्मतारीख कागदावर आहे.

डेव्हिड डेल हा तो व्यापारी. एअरशरमधल्या स्ट्युअर्टन गावी १७३९ मध्ये जन्मलेला, विणकामापासून सुरुवात करून ग्लासगोतला धनाढ्य सूतव्यापारी आणि बँकेचा प्रतिनिधी झालेला, कमालीचा धार्मिक गृहस्थ. पाण्यावर चालणाऱ्या कताईयंत्राचा प्रवर्तक रिचर्ड आर्कराइट याच्यासह त्याने ही जागा पाहिली, १७८५ मध्ये बांधकाम सुरू केले आणि १७८६ मध्ये सूत निघू लागले. नदीचे पाणी बोगद्यातून आणि पाटातून गिरण्यांच्या चाकांवर सोडले होते. पहिली गिरणी १७८८ मध्ये जळाली, तरी पुढच्याच वर्षी ती पुन्हा उभी राहिली. डेलला घाई होती.

पण दरीत राहून दिवसाचे तेरा तास बंद इमारतीत काम करायला माणसे सहजी तयार नव्हती. ती मिळाली दोन ठिकाणांहून. उत्तरेकडच्या डोंगराळ मुलुखात जमीनदार खंड वाढवत होते, शेते मोडून मेंढ्यांची कुरणे करत होते. १७९१ मध्ये स्काय बेटावरून अमेरिकेस निघालेले एक जहाज वादळाने ग्रीनॉक बंदरात येऊन अडकले. डेलने त्यातल्या कुटुंबांना काम आणि घर देऊ केले, आणि त्यांपैकी बरीच येथे राहिली. केथनेस परगण्यातूनही लोक आले. गावातल्या एका चाळीचे नाव आजही केथनेस रो असे आहे. ही माणसे गेलिक बोलत. समुद्र आणि शेती सोडून ती घंटेच्या टोल्यावर जगायला शिकली.

दुसरे ठिकाण म्हणजे एडिंबरा आणि ग्लासगो येथील अनाथालये. अठराव्या शतकाच्या अखेरीस अशी सुमारे पाचशे मुले गिरणीत होती, त्यांतली कित्येक दहा वर्षांच्या आतली. सकाळी सहा ते संध्याकाळी सात काम, मध्ये जेवणाच्या दोन सुट्ट्या, आणि नंतर दोन तास शाळा. एका पलंगावर तिघे निजत. चादरी स्वच्छ असत, जेवण पोटभर असे, आजारपण कमी असे, हे त्या काळच्या पाहुण्यांनी कौतुकाने नमूद केले आहे, आणि इतर गिरण्यांच्या मानाने ते कौतुक खोटे नव्हते. आठ वर्षांचे पोर तेरा तास तुटलेले धागे सांधून झाल्यावर रात्री नऊपर्यंत काय अक्षरे गिरवत असेल, हा प्रश्न मात्र त्या पाहुण्यांपैकी फार थोड्यांना पडला.

डेलविषयी आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ग्लासगोत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध १७९१ मध्ये जी संस्था स्थापन झाली तिचा तो अध्यक्ष होता. आणि त्याच्या गिरणीत येणारा कापूस वेस्ट इंडीज व अमेरिकेतल्या मळ्यांवर गुलामांनी वेचलेला असे. याला ढोंग म्हणणे सोपे आहे. आम्हांला वाटते, ते ढोंगापेक्षा अधिक अस्वस्थ करणारे आहे. मनापासून भली असलेली माणसेही आपल्या गाठोड्याचे दुसरे टोक कुठे आहे ते पाहत नाहीत.

१७९९ मध्ये डेलने साठ हजार पौंडांना गिरण्या विकल्या. घेणाऱ्यांत वेल्समधला अठ्ठावीस वर्षांचा रॉबर्ट ओवेन होता. त्याच वर्षी त्याने डेलची कन्या कॅरोलाइन हिच्याशी विवाह केला. १८०० च्या जानेवारीपासून गावाचा कारभार त्याच्या हाती आला. माणसाचा स्वभाव त्याने स्वतः घडवलेला नसतो, परिस्थिती तो घडवते, अशी ओवेनची पक्की श्रद्धा होती. म्हणजे परिस्थिती बदलली की माणूस बदलणार. आणि परिस्थिती बदलण्याची सर्व सत्ता त्याच्याकडे होती, कारण गिरणी त्याची, घरे त्याची, दुकान त्याचे.

त्याच्या एका युक्तीपाशी थोडे थांबू. प्रत्येक कामगाराशेजारी लाकडाचा एक छोटा चौकोनी ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजू काळी, निळी, पिवळी, पांढरी. आदल्या दिवशीचे वर्तन वाईट असेल तर काळी बाजू पुढे, बेताचे असेल तर निळी, चांगले असेल तर पिवळी, उत्तम असेल तर पांढरी. हे शेरे रोजच्या रोज वहीतही उतरत. ओवेन गिरणीतून फिरताना ठोकळ्याकडे पाही, मग माणसाकडे पाही, आणि एक शब्दही न बोलता पुढे जाई. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, दंडही नाही. शेरा अन्यायाचा वाटला तर थेट त्याच्याकडे दाद मागण्याची मुभा होती. कालांतराने काळे कमी होत गेले आणि पिवळे-पांढरे वाढले, असे त्याने समाधानाने लिहून ठेवले आहे. त्या नजरेखाली दिवस काढणाऱ्या बाईला काय वाटे, हे कोणीच लिहून ठेवलेले नाही.

आमची अडचण ती हीच. अडीच हजार वस्तीच्या या गावाबद्दल पाने भरभरून मजकूर आहे, पण तो बहुतेक मालकाचा, भागीदारांचा किंवा पाहुण्यांचा. १८१५ ते १८२५ या दहा वर्षांत सुमारे वीस हजार लोक गाव पाहून गेले, त्यांत पुढे रशियाचा झार झालेला निकोलसही होता. गावकऱ्यांचा आवाज क्वचित एखाद्या फटीतून येतो. घरांची स्वच्छता तपासायला ओवेनने मंडळे नेमली, तेव्हा बायकांनी त्या तपासनिसांना 'ढेकणांचे शिकारी' असे नाव पाडले. हजार पानांच्या प्रशस्तीतून हे एक टोपणनाव निसटून आले आहे, आणि आम्हांला ते फार मोलाचे वाटते.

ओवेनच्या कामाचे मोल यामुळे कमी होत नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना त्याने गिरणीतून काढून शाळेत घातले. कामाचे तास पावणेअकरावर आणले. अमेरिकेने निर्यातबंदी घातल्यामुळे कापूस महागला आणि गिरण्या चार महिने बंद राहिल्या, तेव्हा त्याने सर्वांना पूर्ण पगार दिला. गावच्या दुकानात चांगला माल रास्त भावात मिळे आणि त्याच्या नफ्यातून शाळेचा खर्च निघे. सहकारवाल्यांनी पुढे धरले ते हेच सूत्र. १ जानेवारी १८१६ रोजी त्याने 'शीलसंवर्धन संस्था' उघडली. तिच्यातल्या शिशुवर्गावर त्याने कोणा पंडिताला नेमले नाही, तर जेम्स बुकॅनन नावाचा एक साधा विणकर आणि मॉली यंग नावाची सतरा वर्षांची गावातलीच मुलगी यांना नेमले. अट एकच होती : मुलाला मारायचे नाही, रागावून बोलायचे नाही. भिंतींवर प्राण्यांची मोठमोठी चित्रे आणि नकाशे होते. गाणे आणि नाच हे विषय होते. नाचावरून आणि धर्मशिक्षणाच्या अभावावरून क्वेकर भागीदार विल्यम ॲलनशी त्याचे बिनसले, आणि १८२५ च्या सुमारास ओवेन नव्या प्रयोगासाठी अमेरिकेत गेला. गाव मागे राहिले. इतिहासाची पुस्तके ओवेनबरोबर जहाजात चढतात. आपण चढू नये.

जाण्यापूर्वी त्याने बालमजुरीविरुद्ध कायद्याचा आग्रह धरला होता. त्याला दहा वर्षांची मर्यादा आणि साडेदहा तास हवे होते; १८१९ च्या कायद्यात नऊ वर्षे आणि बारा तास उरले, तेही फक्त कापूसगिरण्यांपुरते. ब्रिटनच्या पुढच्या कायद्यांची ही साखळी १८८१ मध्ये आपल्याकडे पोहोचली, आणि तिला मुंबईच्या स्पर्धेने धास्तावलेल्या लँकेशरच्या मालकांचाही रेटा होता. फरक एवढा की १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत सभा घेऊन जे निवेदन दिले त्यावर साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्या होत्या. येथे मागणी कामगारांच्या नावाने झाली. न्यू लॅनार्कमध्ये ती त्यांच्या वतीने मालकाने केली होती.

ओवेननंतर वॉकर कुटुंब आणि मग गूरॉक रोपवर्क कंपनी असे मालक आले. सुताबरोबर मासेमारीची जाळी, तागे, सर्कशीचे तंबू निघू लागले. १८९८ मध्ये गिरणीच्या विजेवर गावात दिवे लागले. तेही फुकट, पण रात्री दहा वाजता, शनिवारी अकराला, गिरणीतून कळ फिरवली जाई आणि अख्खे गाव अंधारात बुडे. सार्वजनिक वीजजाळ्याशी गाव जोडले गेले १९५५ मध्ये. म्हणजे मागच्या पिढीपर्यंत इथल्या आजीने पुस्तक कधी मिटावे हे गिरणी ठरवत होती.

१९६८ मध्ये गिरण्या बंद पडल्या. १९७० मध्ये इमारती भंगारातून ॲल्युमिनियम काढणाऱ्या एका कंपनीने घेतल्या. नदीकाठी मोडक्या धातूचे ढीग साचले आणि गाव पाडले जाणार की काय अशी वेळ आली. घरे वाचवण्याचे काम १९६३ पासून एक संस्था करत होती. १९७४ मध्ये संवर्धन न्यास स्थापन झाला, १९८३ मध्ये सक्तीच्या संपादनाचा मार्ग धरावा लागला, आणि २००१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळांत नाव घातले. परळ-लालबागच्या गिरण्यांचे काय झाले हे पाहिलेल्या मराठी माणसाला या वर्षांचा हेवा वाटल्यावाचून राहणार नाही. आम्हांलाही वाटला.

आज तेथे दोनशेपेक्षाही कमी लोक राहतात. काही भाडेकरू, काही घरमालक. पाहुणे मात्र दरवर्षी लाखोंनी येतात. पहिल्या गिरणीत १९९८ पासून हॉटेल झाले. तिसऱ्या गिरणीत जुन्या यंत्रावर लोकर कातली जाते आणि पाटाच्या त्याच पाण्यावर टर्बाइन फिरते. पाहुण्यांना गिरणीतले जीवन कळावे म्हणून संग्रहालयाने १८२० सालच्या ॲनी मॅक्लाउड नावाच्या दहा वर्षांच्या मुलीच्या भुताकडून गोष्ट सांगवली. आडनाव अगदी बरोबर निवडले आहे, स्काय बेटाकडचे. पण ॲनी काल्पनिक आहे. पाच पिढ्या राबलेल्या गावात आपली हकीकत सांगणारी मुलगी शेवटी निर्माण करावी लागली.

जे खरोखर तेथे राहतात त्यांना गाव जसेच्या तसे दिसावे म्हणून नियम पाळावे लागतात. छपरांवर टीव्हीच्या अँटेना वा तबकड्या लावायच्या नाहीत. वीज आणि फोनच्या तारा जमिनीखालून जातात. बाहेरचे लाकूडकाम पांढऱ्याच रंगाचे, दारे-खिडक्या ठरलेल्या नमुन्याच्या. कुत्रा पाळायचा नाही असाही एक नियम होता. तो अलीकडे कोणी बजावत नाही.