वॉल्डन तळे : मासेमारी आणि संरक्षण

वॉल्डन तळे : अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यात, बॉस्टनच्या वायव्येस सुमारे 30 किमी.वर, कॉन्कर्ड गावालगत असलेले गोड्या पाण्याचे छोटे तळे व त्याभोवतीचे राखीव वनक्षेत्र. तळ्याचे क्षेत्रफळ सुमारे 25 हेक्टर आणि कमाल खोली सुमारे 31 मी. असून राज्यातील नैसर्गिक तळ्यांत ते सर्वांत खोल आहे. हिमयुगाच्या अखेरीस हिमनदी मागे सरकत असताना तिचा एक प्रचंड तुकडा वाळू-गोट्यांत गाडला गेला व तो वितळून झालेल्या खळग्यात हे तळे साचले. त्याला एकही ओढा येऊन मिळत नाही, की त्यातून बाहेर पडत नाही. पाऊस व भूजल यांवर ते भरते आणि जमिनीत झिरपून वा वाफ होऊन पाणी जाते. सगळे पाणी पालटायला सुमारे 5 वर्षे लागतात. अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरो 1845 ते 1847 या काळात येथे राहिला आणि त्यावर त्याने ‘वॉल्डन’ हे पुस्तक लिहिले. दुर्गा भागवत यांनी केलेल्या त्याच्या ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या अनुवादामुळे मराठी वाचकांना हे नाव ओळखीचे आहे. अशा राखीव जागी गळ टाकू द्यावा की नाही, हा प्रश्न सहसा मारल्या जाणाऱ्या माशांवरून लढवला जातो. वॉल्डनपुरते तरी त्याचे उत्तर पाण्यातून काय काढले जाते यापेक्षा पाण्यात काय टाकले जाते, यावरून ठरवणे योग्य. कारण या बंदिस्त पाण्यात पडलेली वस्तू वाहून जात नाही.

मासेमारी येथे आडवाटेने शिरलेली नाही. 1922 मध्ये इमर्सन, फोर्ब्स, हेवूड व होर या कुटुंबांनी काठची सुमारे 80 एकर जमीन राज्याला दिली. लेखक राल्फ वॉल्डो इमर्सन व थोरो यांच्या काळचे वॉल्डन जपावे, ही त्या दानपत्रातील अट होती आणि लोकांनी तेथे घ्यावयाच्या आनंदांत पोहणे, नौकाविहार व वनभोजन यांच्या जोडीला मासेमारीचा स्पष्ट उल्लेख होता. तथापि ही मोकळीक अमर्याद नव्हे. 1957 मध्ये परगण्याच्या प्रशासनाने पोहणाऱ्यांच्या सोयीसाठी झाडे पाडून काठ रुंद करायला घेतला, तेव्हा प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1960 मध्ये न्यायालयाने ते काम दानपत्राविरुद्ध ठरवले. उपभोगाला परवानगी आहे, पण तळे बदलून टाकण्याला नाही, असा त्याचा अर्थ घेता येतो.

या कसोटीवर गळापेक्षा मत्स्यसंचयन, म्हणजे बाहेरून मासे आणून तळ्यात सोडणे, अधिक अडचणीचे ठरते. वॉल्डनमध्ये मासे फारसे नाहीत, असे थोरोनेच नोंदवले आहे. पिकरेल, पर्च, मांगूरवर्गीय पाउट हे त्याच्या यादीतले मासे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तळ्यात रोटेनोन हे विष घालून मूळचे मासे मारण्यात आले व त्यांच्या जागी ट्राउट सोडण्यात आले. आजही ते सोडले जातात. इंद्रधनुषी ट्राउट मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडचा, तपकिरी ट्राउट युरोपातला. उन्हाळ्यात तळ्याचा वरचा थर तापतो, तळाशी प्राणवायू संपत जातो आणि मधल्या थंड थरातच ट्राउटला तग धरता येतो. येथे गळाला लागणाऱ्या ट्राउटचे बालपण बहुधा सरकारी मत्स्यबीज केंद्राच्या हौदात गेलेले असते.

यावर पहिला आक्षेप असा की, खरा उपद्रव पोहणाऱ्यांचा आहे. तो निराधार नाही. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 2001 मधील अहवालानुसार उन्हाळ्यात तळ्यात येणाऱ्या फॉस्फरसपैकी निम्म्याहून अधिक वाटा पोहणाऱ्यांचा असू शकतो. परंतु मोठा दोष दुसऱ्याच्या पदरी आहे म्हणून लहान दोषाकडे डोळेझाक करता येत नाही. उलट या आकड्यांनी आत येणाऱ्या वस्तूंचा हिशेब हाच येथील मुख्य प्रश्न असल्याचे दाखवले. दुसरा आक्षेप थोरोचा आधार घेतो : मासे मारताना आपला स्वाभिमान थोडा उणावतो, असे त्याला वाटू लागले होते. ही वैयक्तिक विवेकाची गोष्ट झाली. तिच्यावरून सार्वजनिक नियम करणे दानपत्राला धरून होणार नाही.

नियम कसा असावा, याचा नमुना राज्यातच आहे. लून हा पाणपक्षी अन्न दळण्यासाठी खडे गिळतो; त्यांबरोबर गळाच्या दोरीचे शिशाचे वजन पोटात गेले, तर विषबाधेने मरतो. म्हणून मॅसॅचूसेट्सने 2012 पासून गोड्या पाण्यात एक औंसाहून हलकी शिशाची वजने वापरण्यास बंदी घातली. गळ राहिला, शिसे गेले. हाच न्याय संचयनाला लावावा. ट्राउट सोडणे थांबले तर मासे कमी मिळतील व हौशी लोक पाठ फिरवतील, हे खरे. पण पर्च, पिकरेल, बास यांवर समाधान मानणाऱ्यांना मज्जाव होणार नाही. दानपत्राने मासेमारीची मोकळीक दिली आहे. भरपूर माशांची हमी दिलेली नाही.