फ्लॅशबॅक (पटकथालेखन)

फ्लॅशबॅक किंवा पूर्वदृश्य हे पटकथेतील एक निवेदनतंत्र आहे. यात वर्तमानात चाललेले कथानक थांबवून आधी घडून गेलेला प्रसंग प्रत्यक्ष दृश्यरूपाने दाखवला जातो. पात्राने भूतकाळाचा संवादातून केलेला उल्लेख फ्लॅशबॅक ठरत नाही. तसेच कथानकाने काही वर्षे पुढे घेतलेली झेपही यात मोडत नाही. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) या चित्रपटाच्या उत्तरार्धात अशी पुढची झेप आढळते.

उपयोग

फ्लॅशबॅकचा मुख्य हेतू केवळ माहिती पुरवणे हा नसून वर्तमानातील प्रसंगाचा अर्थ बदलणे हा असतो. एखादे पात्र असे का वागते, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात निर्माण झाल्यानंतर आलेले पूर्वदृश्य परिणामकारक ठरते. प्रश्न पडण्याआधीच उत्तर दिल्यास कथेची गती मंदावते. भूतकाळात शिरण्यासाठी वस्तू, आवाज, गाणे किंवा वर्तमानातील एखादा संघर्ष निमित्त म्हणून योजला जातो. कागदावर दृश्याच्या शीर्षकातच 'फ्लॅशबॅक' असे नोंदवून त्याचा शेटही स्पष्ट केला जातो, जेणेकरून चित्रीकरण व संकलन करणाऱ्यांचा गोंधळ होत नाही.

उदाहरण : भूमिका

श्याम बेनेगल दिग्दर्शित 'भूमिका' (१९७७) हा हिंदी चित्रपट मराठी अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारित आहे. आत्मकथनाचे नाव त्यांच्याच १९५९ सालच्या गाजलेल्या चित्रपटावरून घेतलेले आहे. 'भूमिका'ची पटकथा बेनेगल, गिरीश कार्नाड व सत्यदेव दुबे यांनी लिहिली. नायिका उषा (स्मिता पाटील) ही यशस्वी अभिनेत्री असूनही पती केशवच्या (अमोल पालेकर) कह्यात का आहे, हा प्रश्न सुरुवातीलाच उभा राहतो. कोकणातील बालपण, घरातील ओढगस्त आणि केशवने केलेल्या मदतीचे ओझे ही पूर्वदृश्ये त्याचे उत्तर टप्प्याटप्प्याने देतात. छायाचित्रणकार गोविंद निहलानी यांनी भूतकाळासाठी कृष्णधवल चित्रण वापरल्यामुळे काळाचा बदल वेगळा सांगावा लागत नाही. भूतकाळ उलगडल्यावर कथा वर्तमानातच पुढे सरकते आणि उषाच्या पुढील निर्णयांकडे प्रेक्षक जाणतेपणाने पाहतो. या चित्रपटास सर्वोत्कृष्ट पटकथेचा व सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला.

दृष्टिकोन व विश्वासार्हता

पूर्वदृश्य कोणाच्या आठवणीतून येते, यावर त्याची सत्यता अवलंबून असते. ऑर्सन वेल्स यांच्या 'सिटिझन केन' (१९४१) मध्ये एका मृत धनाढ्याचे आयुष्य त्याला ओळखणाऱ्या निरनिराळ्या व्यक्तींच्या आठवणींतून उभे राहते. अकिरा कुरोसावा यांच्या 'राशोमोन' (१९५०) मध्ये एकाच गुन्ह्याच्या परस्परविरोधी हकिकती दाखवल्या आहेत. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'स्टेज फ्राइट' (१९५०) मधील पूर्वदृश्य पुढे खोटे निघते. पडद्यावर दिसलेले खरेच असते, हा प्रेक्षकाचा समज मोडल्याने त्या प्रयोगावर टीका झाली.

मर्यादा

संवादातून किंवा अभिनयातून सूचित होणारी गोष्ट पुन्हा दाखवणे, रहस्य केवळ लांबवण्यासाठी भूतकाळ तुकड्यातुकड्यांत देणे आणि ऐन संघर्षाच्या क्षणी वर्तमान सोडून जाणे हे या तंत्राचे नेहमीचे दोष मानले जातात. पूर्वदृश्य वगळूनही पुढील प्रसंग तसाच समजत असेल, तर ते अनावश्यक ठरते.